स्टारड्यू व्हॅलीत चहाची रोपं विकून पैसे काढणं चीटिंग धरायचं का? पैज आहे, गणपतीच्या आत उत्तर हवं

कातळकोपरा

आंब्याचा सीझन संपला, वाशी मार्केटच्या शेवटच्या विक्रीच्या पट्ट्या आल्या, हिशेब लागला. आता पाऊस. म्हणजे मुलं झोपली की साडेनऊनंतर लॅपटॉप माझा.

मे महिन्यात पुतण्या पुण्याहून आला होता, त्याने स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा कॉम्प्युटर गेम घेऊन दिला. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याची एकूण कमाई १,८६,००० गोल्ड होती, हे त्याने जेवताना चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळेला मी म्हटलं, मी मोडून दाखवते. पैज अशी: पहिल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे विंटरच्या २८ तारखेला, जिचा किंवा ज्याचा आकडा कमी, त्याने गणपतीचे पाच दिवस भांडी घासायची. आमच्याकडे चाकरमानी धरून पानं बावीस. तेव्हा प्रश्न साधा नाही.

खेळात सध्या समरची ३ तारीख. एकूण कमाई ११,३००, हातात १,९०० राहिलेत कारण पहिल्या दोन दिवसांत ब्लूबेरीची ४० रोपं लावली. स्प्रिंगमधली रानफुलं, कंद वगैरे मी विकलेच नाहीत, साठवणीच्या पेटीत भरून ठेवलेत. सवय. डॅफोडिल १४, डँडेलायन ११, लीक ९, रानमुळा ७.

कुठेतरी वाचलं की चहाचं रोप करून विकलं तर खूप मिळतात. पुतण्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "काकू, ते एक्स्प्लॉइट आहे, खेळातली पळवाट, ती चीटिंग झाली." का ते सांगितलं नाही. मला दोन गोष्टी हव्यात. एक, ते नेमकं कसं करायचं. दोन, खरंच चीटिंग आहे का. आमच्या बागेत याच आठवड्यात गडी कलमांच्या बुंध्याशी कल्टार औषध घालतायत, मोहोर लवकर यावा म्हणून. त्याला कोणी चीटिंग म्हणत नाही, उलट नाही घातलं तर शेजारी विचारतात.

अजून एक अडचण. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. लाईट गेली की खेळ बंद, आणि सेव्ह फक्त झोपल्यावर होतो. काल खेळातल्या दिवसाचं सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंतचं सगळं पाणी घालणं, मासे, दगड फोडणं वाहून गेलं.

बोंडू

ताई सोप्पं आहे. जुन्या आवृत्तीत आपलं नाव ठेवतानाच चौकटी कंसात वस्तूचा नंबर टाकायचा. मग गावातलं कोणी आपलं नाव घेऊन बोललं की ती वस्तू थेट बॅगेत. ७४ नंबर म्हणजे प्रिझमॅटिक शार्ड, दुर्मीळ रत्न, एक २,००० ला जातो. मी रत्नागिरीला होस्टेलवर असताना एका रात्रीत सगळं घर बांधलं होतं.

कातळकोपरा

बोंडू, ही नोटा छापायची मशीन झाली. शेती कुठे आली त्यात? आणि माझं नाव आधीच ठेवून झालंय.

तिरफळ

नमस्कार. दापोलीजवळ राहतो, रोपवाटिका आहे, हा गेम तीनदा पहिल्यापासून खेळलोय. सविस्तर लिहितो.

चहा गेममध्ये २०१९ च्या १.४ आवृत्तीत आला. पिअर दुकानदाराची बायको कॅरोलाइन. तिच्याशी दोन हृदयांइतकी ओळख झाली की तिच्या घरामागच्या काचेच्या खोलीत जा, ती चहाच्या झाडांबद्दल बोलते आणि दुसऱ्या दिवशी टपालाने रोपाची कृती येते. कृती: कुठल्याही दोन रानबिया, ५ लाकूड, ५ फायबर. झालं एक रोप. ते रोप ५०० ला विकलं जातं.

आता तुमच्या पेटीचा हिशेब बघा. रानमुळा, डॅफोडिल, लीक, डँडेलायन प्रत्येकी एक घेतलं की १० स्प्रिंगच्या बिया होतात. हीच चार नुसती विकली असतीत तर ५०, ३०, ६०, ४० मिळून १८०. बिया केल्या तर १० बियांची ५ रोपं, म्हणजे २,५००. तुमच्याकडे रानमुळे सात, म्हणजे सात घाणे: ७० बिया, ३५ रोपं, १७,५०० गोल्ड. लाकूड १७५ आणि फायबर १७५ लागेल. लाकूड कमी पडलं तर रॉबिन सुतारणीकडे पहिल्या वर्षी १० ला एक मिळतं, रोपामागे ५० गेले तरी ४५० सुटतात. फायबर मात्र आत्ताच गवत कापून साठवा. विंटरमध्ये रान मोकळं होतं आणि मग हात चोळत बसावं लागतं. मी बसलोय.

कॅरोलाइनला काय द्यायचं? डॅफोडिल तिला आवडतं, पण घाण्यात सातच लागणार आहेत, तुमची सात जास्तीची आहेत, तीच द्या. खरं मन जिंकायचं असेल तर समर स्पँगलचं फूल. बी ५० ला, आठ दिवसांत फुलतं, ते तिच्या जीव की प्राण यादीत आहे. आठवड्याला दोनच भेटवस्तू चालतात. रोज दोन शब्द बोलायचे ते वेगळे. साधारण दोन आठवड्यांत काम होतं.

ब्लूबेरीबद्दल: ३ तारखेपर्यंत लावली म्हणजे चार तोडे मिळतात, एकही दिवस पाणी चुकवू नका. प्रत्येक तोड्याला रोपामागे तीन फळं, फळ ५० ला. चाळीस रोपांचे २४,००० होतील. पाचव्या तारखेला लावणारे एक तोडा घालवून बसतात आणि मग फोरमवर रडतात.

चीटिंगचं म्हणाल तर माझं मत: जे कृतीच्या पुस्तकात लिहिलंय आणि ज्यासाठी खेळ बिघडवावा लागत नाही ते चीटिंग नाही. भाव लावणाऱ्याने जास्त लावला हे त्याचं बघणं.

खाडीपलीकडे

तिरफळ यांच्याशी थोडा असहमत. अलिबागला असतो, कामच कोड तपासण्याचं आहे. १८० चा माल २,५०० ला जातो तेव्हा ती वाट कोणीतरी उघडी ठेवलेली असते. चहाचं रोप लावून पानं काढणं हा हेतू होता, रोप घाऊक विकणं नाही. कायद्यात बसतं, हेतूत बसत नाही. पैज लावताना हे आधी बोलायला हवं होतं.

बाकी लाईटचं: सेव्ह झोपल्यावरच होतं हे तुमच्या विरुद्ध आहे तसं बाजूनेही आहे. दिवस फुकट गेला, खाणीत बेशुद्ध पडलात, तर न झोपता बाहेर पडा, तोच दिवस परत. पण सगळंच बदलत नाही. जिओड (आत खनिज असलेला दगड) फोडून काय निघणार हे आधीच ठरलेलं असतं, आत्तापर्यंत किती फोडलेत त्या मोजणीवर. शंभर वेळा दिवस परत केला तरी तोच दगड. फिरत्या गाडीवालीचा मालही तसाच. त्यात वेळ घालवू नका.

कातळकोपरा

अहो, महिन्यात आठ वेळा लाईट गेली, मला न मागता दिवस परत मिळतोय.

काल रात्री आबा (सासरे) पाणी प्यायला उठले आणि मागे उभे राहून बघत बसले. मी विक्रीच्या पेटीत मासे टाकले, झोपले, सकाळी तो हिशेबाचा पडदा आला, शेती इतके, मासे इतके. आबा म्हणाले, "रात्रीत पट्टी इली? आणि दलाली किती कापल्यान?" म्हटलं काही नाही. हमाली? नाही. तोलाई? नाही. मग जरा थांबून, "सगळो माल एकदम धाडलंस तरी भाव तोच?" म्हटलं हो, हजार टाकले तरी तोच. तर म्हणतात, "मगे ह्यो खेळ नाय, ह्यां रामराज्य आसा."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच बसलंय. तुम्ही चहाच्या रोपाला पळवाट म्हणताय, पण ती विक्रीची पेटीच सगळ्यात मोठी पळवाट आहे. फेब्रुवारीत आंब्याची पहिली पेटी जाते तेव्हा भाव काय आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचा माल एकदम आला की काय, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. गेल्या मेमध्ये एका पट्टीवर गाडीभाडं वजा जाता जे उरलं त्यात पेट्यांचं लाकूडसुद्धा निघालं नाही. इथे मी एकाच दिवशी दोनशे ब्लूबेरी ओतल्या, भाव पन्नास. मग कोण कोणाला चीटिंग म्हणणार?

मग माझी चाल उलटी हवी ना? भाव पडतच नसेल तर चार प्रकारची पिकं कशाला, एकच सगळ्यात चांगलं लावावं?

तिरफळ

बरोबर ओळखलंत. नवे लोक थोडं थोडं सगळं लावतात, धोका वाटून घ्यायच्या सवयीने. इथे धोका नाही. समरमध्ये हाताशी पैसा नसेल तर ब्लूबेरी, फॉलमध्ये क्रॅनबेरी. क्रॅनबेरीचं बी २४० ला, महाग वाटतं, पण १ तारखेला लावलं तर ८, १३, १८, २३, २८ असे पाच तोडे, दर तोड्याला दोन, ७५ चा भाव. रोपामागे ७५० येतात, ५१० सुटतात. म्हणून समरच्या शेवटच्या तोड्याचे पैसे उडवायचे नाहीत, गोठा बांधायचा मोह होतो, नको. फॉलच्या १ तारखेला जितकं बी घेता येईल तितकं. फक्त ती बुधवारी पडली नाही ना बघा, पिअर बुधवारी बंद. (नाही पडत, १ तारीख नेहमी सोमवार. उगाच घाबरवलं.)

दुसरं, शेतीची लेव्हल ४ झाली की मुरांब्याच्या बरण्या येतात. बरणीत फळाच्या भावाची दुप्पट अधिक ५०. पिंपात वाईन केली तर तिप्पट. ब्लूबेरी ५० ची आहे, दोन्हीकडे १५० च होतात, पण वाईनला आठवडा लागतो आणि बरणीचं दोन-तीन दिवसांत भागतं. म्हणून ५० च्या आतबाहेरचं फळ बरणीत, महाग फळ पिंपात. पिंप तसंही लेव्हल ८ ला येतं, पहिल्या वर्षी तुम्हाला उशिराच. लोक पहिल्या वर्षीच वाईनची स्वप्नं बघतात आणि बरण्या करत नाहीत. ५० लाकूड, ४० दगड, ८ कोळसा, पंधरा-वीस बरण्या करून टाका.

बोंडू

ताई अजून एक. 'एकूण कमाई' चा आकडा फक्त जमा धरतो, खर्च वजा करत नाही. म्हणजे पिअरकडून बी घ्यायचं, त्यालाच अर्ध्या भावात परत विकायचं. खिशातले पैसे कमी होतात पण एकूण कमाई वाढते. विंटरच्या २८ ला सगळे पैसे असे फिरवा. पुतण्या गार.

कातळकोपरा

बोंडू, तू पुढे जाऊन सोसायटीचा चेअरमन होणार. उलाढाल दाखवून कर्ज काढणारे आमच्या गावात दोघं होते. नको. हे मला करायचं नाही, आणि आता कळलं की माझी रेघ कुठे आहे.

गजालीकर

मी मालवणचो. वाचतंय सगळा. माका एक सांगा, ह्या गेमात कावळे आसत, बुजगावणा लावला की आठ घरांपर्यंत कावळो येणा नाय, बरा. पण माकडां खंय आसत? रानडुक्कर खंय आसा? माझ्या परड्यात फणस पिकाक पण दिनत नाय माकडां. माकडां नाय तो सगळ्यात मोठो एक्स्प्लॉइट.

आणि वैनीनू, फॉलच्या १६ ला जत्रा आसा. तिकडे चक्रार हिरव्यार लावा. चारातले तीन वेळा हिरवोच येता. कुणकेश्वराच्या जत्रेत असा चक्र असता तर मी आज बंगलो बांधलो असतो.

खाडीपलीकडे

चक्राचं खरं आहे, हिरव्याला ७५ टक्के. पण तिथे मिळतात ते जत्रेचे टोकन, गोल्ड नाही. पैजेला उपयोग शून्य. २,००० टोकनला स्टारड्रॉप मिळतो, शक्ती वाढते, तेवढ्यासाठी जा. आणि दर वेळी हातातले निम्मेच लावा, सगळे लावून हिरव्याला दोष देणारे पाहिलेत.

कातळकोपरा

गजालीकर, आमच्याकडेही माकडं. आबांना वाचून दाखवलं, जेवताना हसले. फार हसत नाहीत.

तीन आठवड्यांचा अहवाल. ब्लूबेरी चार तोडे निघाले. दोन दिवस लाईट गेली, दोन्ही वेळा पाणी घालून झाल्यावर, तेव्हा परत पाणी. कॅरोलाइन समरच्या १९ ला बोलली, कृती २० ला आली. त्या रात्री ३५ रोपं केली आणि पेटीत टाकताना खरंच हात थरथरला, कारण इतके पैसे एकदम आजवर आले नव्हते. सकाळी पट्टीवर १७,५००. नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "बरं," आणि झोपला.

स्वयंपाकघरात दूध उतू जायला आलं तर मेनू उघडते, खेळातली वेळ थांबते. ही सोय खऱ्या गॅसला हवी होती.

तिरफळ

छान. आता फॉलमध्ये रानमेवा गोळा करण्याची लेव्हल ६ झाली की हेझलनट, ब्लॅकबेरी, रानआलुबुखार आणि साधी अळंबी यांच्याही बिया होतात, तोच हिशेब. पुढे कधी खेळातल्या जिंजर आयलंड बेटावर पोचलात तर एक गंमत ठेवलीय तुमच्यासाठी. तिथल्या व्यापाऱ्याकडे आंब्याचं कलम मिळतं. पैसे घेत नाही. ७५ शिनाणे (खायचे शिंपले) मागतो.

कातळकोपरा

७५ शिनाण्यांना आंब्याचं कलम!! आबांना सांगितलं. विचारलं, किती दिवसांत धरतो? म्हटलं २८ दिवसांत. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, आंबो कितक्याक जाता? म्हटलं १३०. ब्लूबेरी पन्नासला आणि आंबा एकशेतीसला. त्यावर त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

कातळकोपरा

शेवटचं अपडेट. काल पाच दिवसांचे गणपती गेले म्हणून आज वेळ मिळाला.

विंटरच्या २८ ला माझी एकूण कमाई: १,९४,३००. क्रॅनबेरी ९६ लावल्या होत्या, मुरांबा १८ बरण्यांत सतत चालू. विंटरमध्ये खाण आणि मासे, बाकी काही नाही. चहाची रोपं सगळी मिळून ५५, म्हणजे २७,५००.

पुतण्या आला, बॅग खाली ठेवायच्या आधी आकडा बघितला, आणि पहिला प्रश्न, "रोपं किती?" मी खोटं बोलले नाही. त्याने वजाबाकी केली, १,६६,८००, म्हणजे मी हरले. मी म्हटलं ती रानफुलं नुसती विकली असती तरी काही आलेच असते ना, सगळे २७,५०० कसे वजा करतोस? तो म्हणाला बरं, दोन हजार धर. तरी हरले. आरतीला टाळ हातात घेऊनही आमचं चालूच. शेवटी आबांकडे गेलं. त्यांनी त्याला विचारलं, तुझ्या आजोळी कसला धंदा? त्याच्या आईचं माहेर वेंगुर्ल्याकडे, काजूची कलमं करून विकतात. गप्पच झाला. आबा म्हणाले, "कलमां इकल्यान, चोरी नाय केल्यान." निकाल लागला.

तरी पहिल्या दिवशीची भांडी मी त्याच्याबरोबर घासली, कारण मोदकपात्राला लागलेलं सारण त्याला एकट्याने निघेना. उरलेले चार दिवस त्याने घासली. पुण्याला जाताना सांगून गेला, दुसऱ्या वर्षाची पैज, रोपं बंद. मी हो म्हटलंय. तिरफळ, ग्रीनहाऊस लवकर हवं आहे. बंडल (गावच्या समाजमंदिरात द्यायच्या वस्तूंचे संच) पूर्ण करत बसू की जोजा कंपनीकडे सभासदत्वाचे ५,००० भरून वर ३५,००० देऊन टाकू? हातात ४१,२०० आहेत.

तिरफळ

बंडलचं किती राहिलंय ते आधी लिहा. ४१ मधले ४० दिलेत तर स्प्रिंगच्या १ तारखेला बी कशाने घेणार?